लायसन मिळालं, आता पुढचं वर्ष

भाऊ, ४० तास पुरे करून प्रायव्हेट पायलटचं लायसन घेतलंस, मनापासून आनंद झाला. पण कमर्शियलच्या २०० तासांचा हिशोब आत्ताच नको. आधी लॉगबुकातली मे महिन्याची पानं पुन्हा वाच. गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळावर पारा ४५ वर गेला की हवा इतकी विरळ होते, की समुद्रसपाटीपासून हजारेक फुटांवरची धावपट्टी विमानाला जवळपास पाच हजार फुटांवरची वाटते. धाव लांबते, चढण मंदावते. माझी चाकं एकदा पट्टी संपता संपता सुटली, तळहात ओले झाले होते. म्हणून उन्हाळ्यात दिवस उगवताच उड, आणि टेकऑफचं अंतर दरवेळी विमानाच्या पुस्तिकेतल्या तक्त्यावरून काढ. यंदा आडव्या वाऱ्यातलं लँडिंगही घोटून घे, मास्तरांना शेजारी बसवून.