मिसेल, कणीक आणि 'सक्रिय' नावाचा घोळ

प्रश्न असा आलाय की सरफॅक्टंटच्या, म्हणजे साबणासारख्या पदार्थांच्या मिसेल-द्रावणाच्या (मिसेल म्हणजे पाण्यात त्यांचे रेणू एकत्र येऊन बनलेला सूक्ष्म गोळा) 'ऑप्टिकल ॲक्टिव्हिटी'ला मराठीत 'प्रकाशीय सक्रियता' म्हणावं का. नका हो म्हणू. आधीच सरफॅक्टंटला 'पृष्ठसक्रिय' करून ठेवलंय, त्यात हे, मग 'पृष्ठसक्रिय पदार्थाची प्रकाशसक्रियता' असलं काही वाचून माणसाला वाटतं फेस चमकतो. परवा एकाने मला ठासून सांगितलं की धुण्याच्या पावडरीत 'ऑप्टिकल' काहीतरी असतं ते हेच. अहो, ते ऑप्टिकल ब्राइटनर, अतिनील प्रकाश घेऊन निळसर सोडणारं, आजीच्या निळीचं काम करणारं. त्याचा इथे काय संबंध?

इथे फिरते ती ध्रुवित, म्हणजे एकाच पातळीत कंप पावणाऱ्या, प्रकाशाच्या कंपनाची पातळी. मी लिहिताना 'ध्रुवणवलन' लिहितो, बोलताना फिरकी. साखर कारखान्याच्या लॅबमधे रसाचा 'पोल', म्हणजे त्यातलं साखरेचं प्रमाण, काढतात तो याच गुणावर, आणि तिथला केमिस्ट सक्रिय-बिक्रिय काही म्हणत नाही, पोल किती आला एवढंच विचारतो.

पण खरी मजा 'मिसेल'मधे आहे. लॅटिन 'मीका' म्हणजे चुरा, पावाचा कण, आणि त्याचं लघुरूप 'मिसेला'. एकोणिसाव्या शतकात नेगेली या स्विस वनस्पतीवाल्याने स्टार्चच्या दाण्यातल्या अतिसूक्ष्म कणांसाठी हा शब्द घडवला, साबणाच्या पाण्यात तो 1913 साली मॅकबेन या रसायनवाल्याने आणून सोडला. आता आपल्याकडे बघा, कण, त्याचं लघुरूप कणिका, आणि कणिकेची झाली कणीक! धातू वेगळा, नातं काही नाही, पण घडण हुबेहूब तीच, म्हणजे जो शब्द रसायनवाले परदेशातून मागवतात त्याचा जोडीदार आपण रोज परातीत तिंबतोय. इटालियन माणूस तर आजही नकार ठासायला 'मीका' वापरतो, आपल्या 'कणभरही नाही'सारखा. म्हणून माझं मत, मिसेलला कणिकाच म्हणा.

यावर ओळखीच्या एका परिभाषावाल्या सरांचं म्हणणं की मूळ 'मिकारे', चमकणे, म्हणून 'दीप्तिकण'. साफ चूक. चमकण्याची छटा चिकटली ती अभ्रकाच्या 'मायका'ला, कारण अभ्रक चमकतो. चार-पाच नॅनोमीटरचा साबणाचा गोळा कुठून चमकणार? पाणी तर स्वच्छ दिसतं.

आणि त्याच अभ्रकाचा किस्सा सरांना माहीत असता तर त्यांनी वेगळा मुद्दा काढला असता. 1869 साली जर्मनीत रॉइशने अभ्रकाचे पातळ पापुद्रे गोल जिन्याच्या पायऱ्यांसारखे प्रत्येकी ठरावीक कोनात फिरवून रचले, तर त्या गठ्ठ्याने ध्रुवणाची पातळी फिरवली. सुट्या पापुद्र्याला हे जमत नाही, फिरकी सगळी रचण्यात. मिसेलचं तसं नाही. एसडीएस या नेहमीच्या सरफॅक्टंटचे रेणू पाण्यात लिटरला 8 मिलिमोलच्या वर गेले की गोळे होतात, पण रेणूला डावं-उजवं नाही, म्हणजे तो आणि त्याचं आरशातलं रूप एकच, आणि गोळ्यालाही नाही, त्यामुळे फिरकी शून्य. उलट पित्तातले क्षार, सोडियम डीऑक्सिकोलेट वगैरे, मुळातच एका हाताचे. त्यांच्या मिसेलमधे बिलिरुबिन, पित्तातलंच पिवळं रंगद्रव्य, घाला. एरवी त्याचे डावे आणि उजवे पीळ सारख्याच संख्येने असतात म्हणून बेरीज शून्य येते, पण या संगतीत एका पिळाचं पारडं जड होतं आणि डावा वर्तुळध्रुवित (कंपनाची दिशा डावीकडे गोल फिरत जाणारा) प्रकाश आणि उजवा, दोन्ही ते सारखे शोषत नाही.

हे शोषण 'वलना'त बसत नाही, माहितीय मला, कुणी टोचायच्या आधीच सांगतो. 'सक्रियते'त तरी कुठे बसतं?