चावणाऱ्या वीस महिन्यांच्या मुलाला राग, रडू, भीती कशी शिकवावी?

तुम्ही लिहिलंय, मुलगा रागावला की चावतो, आणि भावनांची चित्रकार्डं आणलीत तर तीही चावतो. चावू द्या. आमच्या डब्यातलं 'आश्चर्य' लेकीने केव्हाच खाऊन टाकलं होतं.

या वयाचं मूल ओळखीच्या माणसाचा चेहरा वाचतं. 1985 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात वर्षाच्या बाळांना जाड काचेवर सोडलं होतं. काचेखाली खोलगट भाग दिसायचा, पलीकडे आई. आई हसरी असताना 19 पैकी 14 बाळं काच ओलांडून गेली. आईने घाबरलेला चेहरा केला, तेव्हा 17 पैकी एकही गेलं नाही. वाचता त्यांना आधीच येतं, शब्द तेवढे नसतात.

मी लेकीला मांडीवर समोरासमोर बसवायचे आणि ओढणीने तोंड झाकायचे. 'भॉक' म्हटलं की दर वेळी चेहरा वेगळा. हसरा, रुसका (खालचा ओठ पुढे), घाबरलेला. सोबत दोनच शब्द: "आई रुसली." मग ओढणी तिच्या डोक्यावर. तिच्याकडे सगळ्याला एकच चेहरा होता: डोळे घट्ट मिटून नाक मुरडलेलं! एकदा मी रडका चेहरा केला, तर तिने माझ्या गालावर बोट फिरवलं, कोरडं बोट निरखून पाहिलं आणि "नाई" म्हणाली. हसू लवकर कळतं. राग आणि रडू यांचा घोळ मात्र बराच काळ चालतो, त्याची काळजी करू नका.

चावतो त्या क्षणी हा खेळ नको. खाली बसा, हात धरा, डोळ्यात बघून सांगा: "बिस्कीट मोडलं, राग आला. चावायचं नाही, दुखतं." आणि घरच्यांना आधी आवरा. तो चिडलाय आणि चार मोठी माणसं "कसा फुगलाय बघा" म्हणून हसतायत, तर त्याने कुठला चेहरा खरा मानायचा? "जेवला नाहीस तर आई रडणार" म्हणून खोटं रडणंही बंद. हे मी स्वतः केलंय, दोन घास जास्त गेले, पण नंतर खेळातल्या रडक्या चेहऱ्यालाही ती बिचकायला लागली.

त्याने मान वळवली की थांबा, पाच मिनिटंसुद्धा पुष्कळ झाली. चेहऱ्याकडे तो एरवीही फारसा बघत नसेल, हाकेला वळत नसेल, तर मात्र बालरोगतज्ज्ञांना दाखवून घ्या.