चांगला कारागीर आहे, खरं पितोय. काढू की ठेवू?

मी समुपदेशक. बेळगावच्या उद्यमबाग, मच्छे, होनगा इकडच्या कारखान्यांतनं मला जे फोन येतात त्यात हा एक प्रश्न ठरलेला असतो, "मॅडम, माणूस हाताचा चांगला आहे खरं पितोय, ठेवलं तर एक दिवस कुणाच्या तरी जिवावर येईल आणि काढलं तर त्याची बायकापोरं उघड्यावर पडतील, काय करू?" विचारणारे मालक वाईट नसतात, उलट बरेचसे मनापासून काळजी करणारे असतात, म्हणून एका फौंड्रीतली, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतायच्या कारखान्यातली गोष्ट सांगते. कारागिराचं नाव बदललंय आणि तो आणि मालक, दोघांना विचारूनच लिहितेय.

त्याला परशराम म्हणूया. खानापूरकडच्या खेड्यातला, चाळिशी ओलांडलेला, अठरा वर्षं एकाच फौंड्रीत, आधी मोल्डिंगला मग भट्टीवर. पोरं त्याला मामा म्हणायची. मालक स्वतः गाडीत घालून त्याला माझ्याकडे घेऊन आले, मी चहा मागवला तर त्यानं ग्लास दोन्ही हातांनी धरला आणि तरी चहा बोटांवर सांडला, तो पुसायचं सोडून माझ्याकडे बघतच राहिला की हिनं बघितलं का. सकाळचे साडेदहा. आणि हाच माणूस लॅडल धरून लोखंडाचा रस साच्यात ओतणार, चौदाशे डिग्रीच्या आसपासचा.

मालकांचं सगळं करून झालं होतं. ओरडून झालं, बायकोला कारखान्यात बोलावून सगळ्यांच्या देखत समजावून झालं, शेवटी देवळात नेऊन नारळावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली. आणि परशरामनं ती पाळली हो! एक थेंब घेतला नाही, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गेटपाशी फिट येऊन पडला. लोक म्हणाले देवाचं काहीतरी चुकलं. चुकलं काहीच नव्हतं. रोज भरपूर पिणाऱ्याचं शरीर दारूवर टेकलेलं असतं, ती एकदम काढून घेतली की साधारण ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते, त्याच्या पुढच्या एक-दोन दिवसांत माणूस भ्रमात जाऊ शकतो, नसलेली माणसं दिसतात, ताप चढतो, जीवही जातो. म्हणून रोज पिणाऱ्याला "आजपासून बंद" असं घरात किंवा ऑफिसात कोंडून करायचं नसतं, ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळ्या आणि बी-वन व्हिटॅमिन देऊन करायचं असतं. हे ऐकून मालक किती वेळ गप्प होते, मग म्हणाले, "म्हणजे मी त्याला मारलाच असता की ओ."

नाही, तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं एवढंच.

तर पहिलं काम डॉक्टरांचं, माझं नंतर. धारवाडच्या डिमहान्सला, म्हणजे मानसिक आजारांच्या सरकारी दवाखान्यात, त्याला अॅडमिट केलं. पगार २१,००० च्या आत होता, म्हणजे ईएसआयमध्ये, कामगारांच्या सरकारी विम्यात होता, आणि ईएसआयच्या डॉक्टरांनी सर्टिफिकेट दिलं की आजारपणात पगाराच्या ७० टक्के मिळतात, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत. मालक दर महिन्याला त्याचे पैसे भरत होते पण आजारपणाला असा उपयोग होतो हे त्यांना माहीत नव्हतं. घरात चूल पेटती राहिली म्हणून तो तिथे थांबला, नाहीतर चौथ्या दिवशी पळून आला असता असं त्यानंच मला नंतर सांगितलं.

मग मालक आणि सुपरवायझर दोघांना बसवून मी सांगितलं की तुम्ही डॉक्टर नाही आणि त्याचे बापही नाही, तुमच्या हातात जे आहे ते म्हणजे काम. तेव्हा बोलायचं ते कामाबद्दल. "तू दारुडा झालास" म्हटलं की माणूस नाही म्हणतो आणि विषय संपतो. त्यापेक्षा हजेरीचं बुक उघडा: या महिन्यात इतके दिवस गैरहजर, या तारखेला साचा फुटला, या तारखेला तुझी हजेरी दुसऱ्यानं लावली. एकट्याला बोलवा, सकाळी, तो शुद्धीत असताना. आणि मग स्पष्ट सांगा. मालकांनी त्याला जे सांगितलं ते मला पाठ आहे: "परशा, तुझी जागा तुझीच आहे, दवाखान्यातनं ये. खरं उपचार सोडलास तर भट्टीवर घेणार नाही, आणि हे मी लिहून देतो." ते कागदावर लिहिलं, दोघांनी सह्या केल्या. प्रेमापेक्षा त्या कागदानं त्याला जास्त धीर दिला.

परत आल्यावर तीन महिने भट्टी नाही, स्टोअरला बसवलं, पगार तोच. भट्टीवर जाणाऱ्या सगळ्यांनी दारू तपासायच्या मशीनमध्ये फुंकायचं असा नियम केला, सगळ्यांनी, एकट्या परशरामनं नाही, नाहीतर तो शिक्का होतो. रोख उचल बंद, पगार बँकेत, आणि त्याच्याच इच्छेनं बायकोचं नाव खात्याला जोडलं. तो काय बोलतो ते मी मालकांना सांगणार नाही हेही आधीच ठरवलं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारूच्या व्यसनातनं आलेला आजारही धरलाय आणि पेशंटची माहिती गुप्त ठेवायचा हक्क पण. मालकांना फक्त एवढंच कळायचं, येतोय की येत नाही.

मालकांनाही एक गोष्ट बदलावी लागली आणि ती त्यांना जड गेली. खंडेनवमीला मशीनची पूजा झाली की बकऱ्याचं जेवण आणि बाटल्या, वडलांच्या काळापासून. बाटल्या देणारे तेच आणि शपथ घालणारेही तेच. त्या वर्षी जेवण झालं, बाटली नाही. चारदोन जणांनी कुरकुर केली, मालकांनी ऐकून घेतलं.

सगळीकडे असं होतं असं मी म्हणत नाही. दुसऱ्या एका ठिकाणी दोनदा संधी देऊनही माणूस उपचाराला आला नाही, काढावं लागलं, आणि तोही निर्णय बरोबरच होता. पण तेव्हाही दार उघडं ठेवा, बरा होऊन आला तर बघू असं म्हणा, आणि हातात १४४४६ किंवा १४४१६ लिहून द्या. पहिला व्यसनमुक्तीचा सरकारी नंबर, दुसरा टेलि-मानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा, तिथे मराठीतनंही बोलता येतं. आपल्याकडे हे लागतं, कन्नड कितीही येऊ दे, रडायला घरचीच भाषा लागते.

परशराम गणपतीत एकदा घसरला होता. दोन दिवस कामाला आला नाही, मालकांचा फोन आला, "झालं, संपलं सगळं." मी म्हटलं बीपीचा पेशंट एकदा मीठ खाऊन बसला तर काय त्याला सोडून देता? उपचारात परत आला तर कागद अजून चालू आहे. आला.

दिवाळीनंतर भट्टीवर परत घेतलं. आणि मग एका सोमवारी सकाळी, फुंकायच्या मशीनपाशी पोचायच्या आधीच, तो गेटवर सुपरवायझरला बाजूला घेऊन म्हणाला, "साहेब, काल भावकीचं लग्न होतं, मी घेतली नाही. खरं रात्रभर झोप नाही, हात हलायलेत. आज मला लॅडलला घालू नका."

सुपरवायझरनं त्याला स्टोअरला पाठवलं आणि लॅडलला दुसरा माणूस घातला.