खेळण्यातली गाडी घेऊन ट्रेलर रिव्हर्स घ्यायला शिकता येतं का?

हो, येतं, बिनधास्त करा. तुम्ही विचारलंय की कारमागे छोटा ट्रेलर लावून रिव्हर्स घ्यायचाय, व्हिडिओ बघून डोकं गरगरतंय, तर टेबलावर खेळणं फिरवून काही उपयोग होईल का. मी नवीन लोकांना हेच शिकवतो आणि सुरुवात टेबलावरूनच करतो. फक्त खेळणं कसं आहे आणि तुम्ही ते धरता कसं यावर सगळं अवलंबून आहे, नाहीतर चुकीचीच सवय लागते.

बहुतेक खेळण्यांची पुढची चाकं वळत नाहीत, मग आपण हाताने अख्खी गाडी आडवी सरकवतो आणि खरी गाडी कधीच अशी आडवी सरकत नाही. चाकं वळणारी गाडी मिळाली तर उत्तम, नसेल तर पुढची चाकं टेबलावरून किंचित उचलून धरा, मागची टेकलेली राहू द्या, आणि फक्त नाक डावी-उजवीकडे करत गाडी मागे ढकला. मागची चाकं घासता कामा नयेत, फक्त फिरली पाहिजेत. ट्रेलर पुठ्ठ्याचा केलात तरी चालेल, खाली एकच अ‍ॅक्सल (दोन चाकं जोडणारा दांडा), पुढे पट्टीला भोक, आणि गाडीच्या मागच्या बंपरपाशी एक टाचणी उभी लावून त्यात अडकवायचा, सैल. आणि हात कायम गाडीवर! ट्रेलरला बोट लावलंत की शिकणं संपलं, कारण खऱ्या ट्रेलरला तुमचा हात पोचणार नाहीये.

आता मागे घ्या. स्टेअरिंग उजवीकडे म्हणजे गाडीचं बूड उजवीकडे जातं, हूक उजवीकडे जातो, आणि ट्रेलरचं शेपूट डावीकडे. हे "उलटं फिरवायचं" सगळेच सांगतात. सोपा उपाय पण सगळ्यांना माहीत असतो, स्टेअरिंगच्या खालच्या टोकाला हात धरा, हात जिकडे न्याल तिकडे ट्रेलर जाईल.

पण लोक अडकतात ते इथे नाही, पुढच्या पायरीवर अडकतात, आणि खेळणं खरं तर तेवढ्यासाठीच हवं. ट्रेलर डावीकडे वळायला लागला, छान, आता स्टेअरिंग तसंच उजवीकडे धरून ठेवलंत तर कोन वाढतच जातो, वाढतच जातो आणि शेवटी ट्रेलर गाडीला चिकटून दुमडतो, त्यालाच जॅकनाइफ म्हणतात. म्हणून कोन हवा तेवढा झाला, किंबहुना होण्याच्या थोडं आधीच, स्टेअरिंग डावीकडे आणून गाडीने ट्रेलरच्या मागोमाग जायचं. हे "आधीच" म्हणजे नक्की कधी हे वाचून कळत नाही, टेबलावर मात्र डोळ्यांसमोर दिसतं. पुढे ओढताना ट्रेलर आपोआप सरळ होतो, मागे ढकलताना तळहातावर काठी उभी धरल्यासारखं असतं, जरा कलली की आणखी कलणार, त्यामुळे छोट्या छोट्या दुरुस्त्या सतत करत राहायच्या. आणि कोन हाताबाहेर गेला तर मागे घेत सरळ करायच्या नादाला लागू नका, थांबा, पुढे जा, सरळ करा, परत सुरू.

एक प्रयोग नक्की करा. दोन ट्रेलर बनवा, एकात टाचणीपासून अ‍ॅक्सलचं अंतर कमी, दुसऱ्यात त्याच्या दुप्पट. आखूड ट्रेलर पटकन फिरतो आणि पटकनच दुमडतो, लांबडा आळशी असतो पण त्यामुळे विचार करायला वेळ देतो. छोटा ट्रेलर सोपा असेल असं बहुतेकांना वाटतं, तर रिव्हर्समध्ये तो जास्त अवघड!

जागाही मापात आखा. तुमची गाडी १:६४ ची, म्हणजे खऱ्या गाडीच्या ६४ पट छोटी, असेल तर ३ मीटरची लेन टेबलावर साधारण ४.७ सेंटीमीटर होते, १:१४ च्या रिमोटवाल्या ट्रकला तीच लेन साधारण २१ सेंटीमीटर. पट्टीने रेघा मारल्या की कळतं किती कमी जागेत हे करायचंय. रिमोटवाला ट्रक असेल तर त्याच्या समोर उभे राहू नका, त्याचं तोंड तुमच्याकडे असताना डावं-उजवं उलटं होतं, त्याच्या केबिनच्या मागून, त्याच दिशेला तोंड करून चालवा.

वरून बघून जमायला लागलं की खाली वाका, डोळा गाडीच्या आरशाच्या उंचीला आणा आणि बाजूने मागे बघा. ट्रेलर डावीकडे वळला की डावा आरसा ट्रेलरने भरून जातो आणि उजव्यात काहीच दिसत नाही. इथून लक्षात ठेवायचं एवढंच की ज्या आरशात ट्रेलर जास्त दिसतोय त्या बाजूला स्टेअरिंग वळवलं की तो सरळ व्हायला लागतो. खऱ्या गाडीत तुम्हाला वरचा नजारा नसणार, हे आरसेच असणार, त्यामुळे हा भाग घाईत उरकू नका.

वजन, उतार, टायरचं घासणं, स्टेअरिंग फिरवल्यावर ट्रेलरने उशिरा दिलेला प्रतिसाद हे सगळं खेळण्यात येत नाही. त्यासाठी मोकळं मैदान आणि रस्त्यावर ठेवतात तसे दोन ट्रॅफिक कोन लागतील. तिथे वळण शक्यतो ड्रायव्हर बसतो त्या बाजूला घ्या म्हणजे खिडकीतून ट्रेलर दिसत राहतो, क्लचवर किंवा ब्रेकवर पाय ठेवून अगदी हळू, आणि मागे उभ्या माणसाला आधीच सांगून ठेवा की तू आरशात दिसेनासा झालास की मी गाडी थांबवणार.