गुणी बाळाला उठवाच

इंग्लंडमधल्या लीड्सहून पत्र आलंय. माहेर-सासर दोन्ही नाशिकचं, बाळ ३५व्या आठवड्यात झालं, आता नऊ दिवसांचं. ती लिहिते, 'छातीला घेतलं की दोन-चार घोट घेऊन झोपतं, मग चार-चार तास उठत नाही. सासूबाई व्हिडिओ कॉलवर म्हणतात, गुणी आहे गं पोर, झोपलेल्याला उठवू नकोस.'

अगं, उठव! सासूबाईंची लेकरं पुऱ्या दिवसांची. ३४ ते ३६ आठवड्यांची बाळं दिसायला छान, पण ओढायला ताकद कमी. भूक लागली तरी रडून सांगत नाहीत. दूध कमी गेलं की कावीळ वाढते, काविळीनं आणखी गुंगी येते. इकडे ओढणारं कुणी नाही म्हणून पान्हाही आटतो. तेव्हा दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, २४ तासांत ८ ते १२ वेळा पाजायचं. दुपटं सोड, तळपाय चोळ, तुझ्या उघड्या छातीवर त्याला उघडं ठेव. ओढता ओढता थांबलं तर स्तन हलका दाब.

माझ्या लेकीचं बाळ ३६व्या आठवड्यातलं. जावई रात्री गजर लावून बसायचा. पाजून झालं की लेक हातानं दूध काढायची आणि मी ते सराफ बाजारातून नेलेल्या बोंडल्यानं, म्हणजे चोचीच्या छोट्या वाटीनं, द्यायचे. बाळाला उभट धरून, कड ओठाला टेकवून, ओतायचं मात्र नाही. लेकीकडच्या नर्सनं बोंडलं उलटसुलट पाहिलं आणि म्हणाली, 'चालेल, उकळून घ्या.'

'मला दूधच नाही बहुतेक', हे कुणी ठरवलं? पाचव्या दिवसानंतर दिवसाला निदान ६ लंगोट ओले व्हायला हवेत, ते मोज. चार-चार तास झोपतंय हे मिडवाइफला आजच सांग, वजन करून घे. वरचं दूध द्यायला सांगितलं तर अपराधी वाटून घेऊ नकोस. डोळे पिवळे दिसले तर त्याच दिवशी दाखव. उठवूनही जागं होत नसेल तर सरळ इस्पितळ गाठ, माझ्या उत्तराची वाट कसली बघतेस!

बाकीचं पटकन. अळीव मिळत नाहीत? नाही तर नाही, वेळेवर चारीठाव जेव. मध चाटवायचा नाही, वर्षाच्या आत मुळीच नाही. आणि बारसं बाराव्या दिवशीच हवं असा नणंदेचा हट्ट असेल, तर तिनं खुशाल लीड्सला येऊन पाळणा बांधावा.