हंगामाच्या आधीचे आठ आठवडे

प्रिय कॅप्टन,

कॉलेजच्या फुटबॉल संघाचा कॅप्टन म्हणून तुझी निवड झाल्याचं कळलं, मनापासून आनंद झाला. आता जुलै आहे, हाताशी वेळ आहे, म्हणून कौतुक आवरतं घेऊन थेट कामाचं लिहितो.

कॉलेजचा हंगाम शहराच्या हंगामासारखा नसतो, हे आधी पक्कं ध्यानात घे. केएसएच्या (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या) लीगमध्ये एक सामना गेला तर पुढच्या सामन्यात गुण भरून काढता येतात. शिवाजी विद्यापीठाच्या विभागीय फेरीत बाद पद्धत असते. पहिल्याच दिवशी एक गोल बसला आणि फेडता आला नाही, तर वर्ष संपलं. मोजके सामने, त्यातला प्रत्येक शेवटचा ठरू शकतो. त्यामुळं स्पर्धेची तारीख धरून मागं मोजत ये. खरा हंगाम म्हणजे हे आधीचे आठ आठवडे.

आणि नेमके हेच आठवडे कोल्हापुरात सगळ्यात अवघड. तालीम संघांचा, म्हणजे पेठांतल्या तालमींच्या संघांचा, फुटबॉल उन्हाळ्याअखेर थांबतो. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, कुठलाही संघ घे, पोरं पावसाळ्यात विसावलेली असतात. वजन वाढलेलं, दम उतरलेला. शाहू स्टेडियमवर हंगाम रंगात येतो तेव्हा हीच पोरं धावतात, पण आपली स्पर्धा त्याआधीच उरकलेली असते. मध्ये गणपती. मांडव, देखावे, जागरण, विसर्जन मिरवणूक. मंडळ सोडा असं कुणाला सांगू नकोस, ते कुणी ऐकणार नाही आणि सांगणंही बरोबर नाही. वेळापत्रकच तसं आख. दमाचा जड सराव गणपतीआधी संपव. उत्सवात आठवड्यातून तीन सकाळी, पाऊण तास, फक्त चेंडूवरचं काम. मिरवणुकीनंतर दोन दिवस पूर्ण सुट्टी दे. झोप न झालेल्या पायांना स्प्रिंट मारायला लावलं की मांडीमागचा स्नायू धरतो आणि तो खेळाडू काही आठवडे बाहेर बसतो.

दम वाढवायला रंकाळा तलावाला फेऱ्या मारायला लावण्यापेक्षा चारास चार खेळव. 30 बाय 20 मीटरचा चौकोन, चार मिनिटं पूर्ण जोरात, तीन मिनिटं चालत विश्रांती, असे चार डाव. चेंडू बाहेर गेला की लगेच दुसरा आत टाकायचा, त्यासाठी कडेला दोन-तीन चेंडू घेऊन कुणीतरी उभं हवं. चेंडू आणायला पोरं चालत गेली की चार मिनिटांतली दोन वाया जातात आणि सरावाचा उपयोग उरत नाही. पहिल्या आठवड्यात दोनच डाव घे, मग हळूहळू चारावर ये.

सरावाआधी फिफाचा ‘11+’ हा वॉर्मअप लाव. 15 व्यायाम, तीन भाग, सगळं मिळून 20 मिनिटं. त्यातला गुडघ्यावर बसून, घोटे जोडीदाराला धरायला लावून, अंग सरळ ठेवत पुढं झुकायचा व्यायाम पोरं हमखास टाळतात, कारण दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात. तोच सगळ्यात कामाचा. सुरुवातीला तीन ते पाचच वेळा करायचा. सामन्याच्या आदल्या दिवशी मात्र नको.

कागदपत्रं आजच हातात घे. जिमखान्याच्या सरांकडून पात्रता अर्जाचा नमुना आण आणि कोणकोणत्या अटी आहेत त्या त्यांच्याकडूनच समजून घे. दहावीचं प्रमाणपत्र, बारावीची गुणपत्रिका, यंदाच्या प्रवेशाची पावती, बोनाफाईड, ओळखपत्र, फोटो. अडतं ते दोन ठिकाणी. पहिल्या वर्षाच्या पोरांची ओळखपत्रं वेळेवर छापून येत नाहीत, आणि नावाचं स्पेलिंग गुणपत्रिकेवर एक, आधारवर दुसरं असतं. गॅप पडलेला किंवा कॉलेज बदलून आलेला खेळाडू असेल तर त्याची फाईल सरांना स्वतः दाखव, ‘चालतंय की’ म्हणून सोडू नकोस. अपात्र खेळाडू खेळला आणि समोरच्यांनी हरकत घेतली, तर जिंकलेला सामना हातून जाऊ शकतो.

आता ज्या गोष्टीवर तुझी खरी कसोटी आहे ती. तुझ्या संघात एकमेकांविरुद्ध ईर्ष्येनं खेळणाऱ्या तालमींची पोरं एकत्र येणार. पेठेपेठेतली ही ईर्ष्या कोल्हापूरच्या फुटबॉलचा जीव आहे, पण कॉलेजच्या जर्सीत ती पासमध्ये दिसते. उजवीकडचा मोकळा उभा असतो आणि चेंडू फिरून आपल्याच तालमीच्या पोराकडं जातो. भाषणानं हे सुटत नाही. सरावात दोघादोघांच्या जोड्या तू लाव, वेगवेगळ्या तालमीच्या. दोनास दोन खेळताना जोडीदाराला पास दिल्याशिवाय गोलच होत नाही. जर्सीचे नंबर आणि फ्री किक कुणी मारायची हे सरांसमोर एकदाच ठरव, मैदानात त्यावरून वाद नको. आणि तू स्वतः ज्या तालमीचा, तिथल्या पोराला आधी बदलायची वेळ आली तर कचरू नकोस. सगळ्यांचं लक्ष त्याकडंच असतं.

पावसातलं मैदान नीट वाचायला शीक. सामन्याआधी अर्धा तास चेंडू घेऊन मैदानभर फिर. दर पाच-सात पावलांवर छातीच्या उंचीवरून चेंडू सोड. कुठं उसळतो, कुठं चिखलात थबकतो ते बघ आणि बचावफळीतल्या चौघांना ती जागा बोटानं दाखव. पाणी साठलेल्या मैदानात सर्वांत घातक चेंडू म्हणजे बचावपटूनं गोलरक्षकाकडं जमिनीवरून दिलेला पास. तो मध्येच थांबतो आणि समोरचा आघाडीवीर आयता पोचतो. अशा दिवशी नियम एकच: आपल्या डीजवळ (गोलसमोरच्या पेनल्टी क्षेत्राजवळ) चेंडू हवेतून, बाहेर, लांब. नाणेफेक जिंकलास तर किकऑफ घेऊ नकोस, बाजू माग. पाऊस चालू असेल तर उत्तरार्धात मैदान आणखी बिघडतं, तेव्हा आपला गोल कोरड्या बाजूला यायला हवा. चेंडूत हवाही तपास. नियमात 0.6 ते 1.1 ॲटमॉस्फियर इतका दाब चालतो. सराव मऊ चेंडूवर आणि सामना टणक चेंडूवर झाला की पहिली दहा मिनिटं पायानं चेंडू थांबवताना प्रत्येक ट्रॅप निसटतो.

गोलरक्षकाला नवा नियम समजावून सांग. 2025-26 पासून चेंडू हातात आठ सेकंदांपेक्षा जास्त धरला तर समोरच्या संघाला कॉर्नर मिळतो. शेवटच्या मिनिटांत वेळ काढायची जुनी सवय महागात पडेल.

टायब्रेकरचा, म्हणजे बरोबरीनंतरच्या पेनल्टी किकांचा, सराव बहुतेक संघ करतात तो ताज्या पायांनी, रांगेत उभं राहून, हसतखेळत. त्याचा उपयोग नाही. सराव संपून पाय जड झाले की सगळ्यांना मध्यरेषेवर उभं कर. एकेकानं एकट्यानं चालत जायचं, चेंडू स्वतः 11 मीटरच्या ठिपक्यावर ठेवायचा, दोन पावलं मागं येऊन श्वास घ्यायचा, शिट्टी झाल्यावर मारायचं. गोलच्या कुठल्या कोपऱ्यात मारायचं ते चालायला सुरुवात करतानाच ठरलेलं हवं. धावताना विचार बदलला की किक कमजोर बसते. प्रत्येकाच्या किका आणि गोल वहीत लिही. पाचांची नव्हे, आठांची क्रमवार यादी कर, कारण सामना संपताना मैदानात असणाऱ्यांनाच टायब्रेकर मारता येतो. बरोबरी असताना शेवटच्या दहा मिनिटांत कुणाला बाहेर काढायचं हे ती वही बघून सरांना सांग.

विद्यापीठ संघाची निवड हा पोरांच्या मनातला दुसरा विषय. पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेला जायचं स्वप्न प्रत्येकाचं असतं, असायलाच हवं. पण निवड समितीच्या नजरेत भरायला म्हणून कुणी एकटाच चेंडू रेटायला लागला तर त्याला मध्यंतरातच बाजूला घेऊन सांग की चेंडू गेल्यावर तो किती जोरात मागं धावतो, तेही बघितलं जातं.

या आठवड्यात 22 नावांची यादी कर, पुढं प्रत्येकाची जागा, तालीम, कागदपत्रांतली अडचण आणि जुनी दुखापत लिही. घोटा पूर्वी मुरगळलेल्यांच्या नावावर खूण कर, त्यांना आतापासूनच एका पायावर तोल सांभाळायचा व्यायाम द्यायचा आहे. यादी झाली की मला पाठव. दुसरा गोलरक्षक कोण, ते विसरू नकोस.

कळावे.