थंडीत कार्ब्युरेटरच्या बाईकला मोठं मेन जेट घालावं का?

निफाडला सकाळी पारा ५-६ अंशांवर, चोकशिवाय आयडल टिकत नाही आणि गरम झाल्यावरही रेस सोडली की सायलेन्सर फटफटतो, म्हणून मोठं मेन जेट घालू का, असं तुम्ही विचारलंय. नको. मेन जेट म्हणजे कार्ब्युरेटरमधलं पेट्रोलचं मुख्य छिद्र; त्याचं खरं काम थ्रॉटल पाऊण उघडल्यानंतरचं. तुमची तक्रार त्याच्या बरीच खालची आहे.

३५ अंशांच्या हवेपेक्षा ५ अंशांची हवा साधारण ११ टक्के दाट असते. कार्ब्युरेटर पेट्रोल वाढवतो, पण तेवढं नाही; मिश्रण ५ टक्क्यांच्या आसपास लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. त्यात गार पेट्रोलची नीट वाफ होत नाही, ते मॅनिफोल्डच्या, म्हणजे कार्ब्युरेटर आणि इंजिनमधल्या नळीच्या, आतल्या भिंतीला चिकटून बसतं. ई२० ने, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने, आणखी भर घातली: इथेनॉलच्या वाफेला जास्त उष्णता लागते, शिवाय त्यात ऑक्सिजन असतो.

आधी मॅनिफोल्डच्या रबराला भेगा नाहीत ना, हे बघा. तिथून हवा ओढली जात असेल तर लक्षणं हीच दिसतात आणि कितीही ट्यूनिंग करा, फुकट.

मग गाडी दहा मिनिटं चालवून गरम करा. चोक किंचित ओढा. आयडल सुधारलं तर मिश्रण लीन आहे; घुसमटलं तर कार्ब्युरेटरच्या मिश्रणाच्या स्क्रूला हात लावू नका, प्लग आणि टॅपेट (व्हॉल्व्हची फट) तपासा.

लीन असेल तर हा स्क्रू कुठल्या बाजूला आहे ते पाहा, गफलत इथेच होते. एअर फिल्टरकडे असेल तर तो हवेचा: आत फिरवला की मिश्रण रिच, म्हणजे पेट्रोल जास्त. इंजिनकडे असेल तर उलट, बाहेर फिरवायचा. सध्या किती फेरे उघडा आहे ते हलकेच आत टेकवून मोजा, लिहून ठेवा. आवळलात तर टोक खराब होईल. मूळ जागी आणून पाव फेऱ्याचा अर्धा, म्हणजे एक अष्टमांश फेरा फिरवा, थांबा, ऐका. एकूण पाव फेरा बहुधा पुरतो, अर्ध्यापुढे जाऊ नका.

अर्ध्या थ्रॉटलला अडखळत असेल तरच नीडलची (कार्ब्युरेटरमधल्या सुईची) क्लिप एक खाच खाली. खाचा नसतील तर क्लिपखाली अर्धा मिलिमीटरचा वॉशर.

सुरू करताना चोक पूर्ण, रेस बंद. स्टार्टर जेटवाल्या, म्हणजे वेगळ्या जेटमधून जादा पेट्रोल देणाऱ्या चोकमध्ये रेस दिली की व्हॅक्युम कमी होतो आणि जादा पेट्रोल येतच नाही. एक-दोन मिनिटांत चोक ढकला. नाहीतर सिलिंडरवरचं ऑइल धुतलं जातं आणि प्लग काळा पडतो.

हेच सेटिंग घेऊन लेहला मात्र जाऊ नका. ३,५०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांश उरतो, कितीही थंडी असली तरी मिश्रण रिच होतं. तिथे लहान मेन जेट लागतं.